मिसवाक ते मशेरी : सुरत आणि दंतआरोग्याचा इतिहास

मोगल काळात सुरत हे हज यात्रेचे प्रमुख बंदर होते आणि ‘बाब-उल-मक्का’ म्हणजे मक्केचे द्वार या नावाने ते ओळखले जाई. या यात्रेकरूंच्या नित्याच्या वापरातली वस्तू म्हणजे मिसवाक, अर्थात पीलूच्या झाडाची काडी. वुजूपूर्वी दात स्वच्छ करणे ही सुन्नत असल्याने दंतस्वच्छता हा दैनंदिन इबादतीचाच भाग होता. शेजारच्या हिंदू घरांत कडुनिंबाचे वा बाभळीचे दातवण असे, तर कुठे राखुंडी.

याच काळात तंबाखू आली. असद बेग याने 1604 च्या सुमारास विजापूरहून ती अकबराच्या दरबारात नेली. तेव्हा या अपरिचित वस्तूला शाही हकिमाने हरकत घेतली, ही नोंद खुद्द असद बेगचीच आहे. 1617 मध्ये जहांगीरने धूम्रपानाला मनाई केली. तरीही सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातच सुरतेच्या परिसरात तंबाखूची लागवड पसरली.

पुढे तंबाखूने दातवणाचीच जागा घेतली, ही बाब विशेष विचार करण्यासारखी आहे. महाराष्ट्रात तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची मशेरी करतात. गुजरातेत स्त्रिया दातांना बजर लावतात. उर्दूतील दात रंगवण्याची ‘मिस्सी’ आणि मराठीतील ‘मिशरी’ ही नावे कानाला जवळची वाटतात, परंतु मिस्सी हे शृंगाराचे साधन, तर मिशरी हे व्यसन. बोट हिरडीवर फिरते, म्हणून त्याला दात घासणे म्हणायचे, एवढेच. निकोटिनमुळे ही ‘स्वच्छता’ दिवसातून चार-पाच वेळा होऊ लागते. दुखणारी दाढ तात्पुरती बधिर झाल्यासारखी वाटते, मात्र कीड आत वाढतच राहते. हिरड्यांचे विकार, पांढरे चट्टे आणि मुखकर्करोग हे पुढचे टप्पे होत. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील अभ्यासात मशेरीसारखी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी आढळले.

कायदा मागे राहिला नाही. 1992 मध्ये केंद्र सरकारने दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास बंदी घातली. 2003 च्या कायद्याने शिक्षणसंस्थेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूविक्री निषिद्ध ठरली. 2012 मध्ये महाराष्ट्र व गुजरात दोन्ही राज्यांनी गुटखाबंदी केली. परंतु घरच्या तव्यावर भाजली जाणारी मशेरी कोणत्या कायद्याने थांबणार?

1994 च्या प्लेगच्या साथीनंतर सुरतेने रस्ते आणि गटारे स्वच्छ करून देशाला आदर्श घालून दिला. महापालिकेने ठरवले आणि शहर बदलले. तोंडाचे आरोग्य मात्र आजही ज्याची त्याची खाजगी बाब मानली जाते. वास्तविक, 2002-03 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात बारा वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले होते.

सुरत महापालिकेच्या शाळांत मराठी व उर्दू ही दोन्ही माध्यमे आहेत. मशेरी, बजर आणि मिसवाक हे शब्द या मुलांनी घरीच ऐकलेले असतात. त्यांतील फरक वर्गात समजावून सांगणे हे दवाखान्याआधी शिक्षकाचे काम आहे. आपले विद्यार्थीच उद्या त्या शाळांत शिकवणार आहेत. म्हणून त्याची सुरुवात आपल्या महाविद्यालयांतून व्हावी.