खिम्याचं चीज

गेल्या 31 डिसेंबरला अमरावतीच्या राजापेठेतल्या आमच्या घरी भाच्यानं खिम्याचं डिप करायला घेतलं. पोरगा चार वर्षं टेक्सासात राहून आलेला. "मामा, तिकडं मॅच असली की घरोघरी हेच असतं," म्हणत त्यानं इतवारा बाजारातून आणलेला अर्धा किलो खिमा कांदा, टमाटर आणि हिरव्या मिरचीवर मस्त परतला. मग बॅगेतून मुद्दाम आणलेलं महागडं चेडर काढून वर किसलं. पाचच मिनिटांत कढईत वर तेलाचा तवंग आणि खाली रबरासारख्या गुठळ्या. स्टुलावर बसून सगळं बघत असलेल्या माझ्या आईनं विचारलं, "काहून रे पोरा, बेसन फाटलं का?" आमच्याकडे पिठल्याला बेसनच म्हणतात.

ते का फाटलं ते पुढे येईलच. त्या रात्री माझं डोकं मात्र कढईतल्या खिमा आणि चीज या दोन शब्दांपाशी अडकलं होतं.

खिमा हा शब्द मूळचा तुर्की. 'कियमाक' म्हणजे बारीक कापणं, त्यावरून 'कियमा'. तो फारसीत गेला, उर्दू-हिंदीत कीमा झाला आणि मराठीत खिमा. तुर्कस्तानात आजही खाटकाकडे कियमाच मागतात आणि शेजारच्या ग्रीसमध्ये किमास. खाटीक ज्यानं तो कापतो तो सत्तूरसुद्धा फारसीतूनच आलेला. म्हणजे काम आणि हत्यार, दोन्हींची नावं एकाच वाटेनं आली.

वऱ्हाडापुरतं बोलायचं तर ही वाट बहुधा अचलपुरावरून गेली असणार. अमरावतीहून पन्नासेक किलोमीटरवरचं हे गाव, तेव्हाचं एलिचपूर, 1490 पासून इमादशाहीची राजधानी होतं. 1574 मध्ये निजामशाहीनं वऱ्हाड गिळलं, 1596 मध्ये ते मोगलांकडे गेलं आणि 1724 नंतर हैदराबादच्या निजामाकडे. राज्यकर्ते बदलत राहिले, पण दरबाराची आणि दफ्तराची फारसी काही हलली नाही. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचं वर्णन आहे, आणि त्याच ग्रंथात बादशाही मुदपाकखान्याच्या यादीत कीमा पुलाव आणि कीमा शोरबा आहेत. त्या पुलावात मांसाबरोबर सोललेली हरभऱ्याची डाळ पडते. आमच्या घरीही पाहुणे वाढले की खिम्यात मूठभर चणाडाळ पडते. आई त्याला काटकसर म्हणते. बादशहाला तर काही कमी नव्हतं.

पण शब्द बाहेरून आला म्हणजे पदार्थही बाहेरूनच आला, असं कुणी समजू नये. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला, त्यात मांस बारीक करून, मसाला लावून ते वांग्यात भरून तळायची कृती आहे. म्हणजे दख्खनच्या माणसाला खिमा ठाऊक होता, फक्त खिमा हे नाव ठाऊक नव्हतं. जिन्नस घरचा आणि नाव पाहुणं.

चीजची गोष्ट बरोबर उलटी. नाव आपल्याकडे कधीचं नांदत होतं, जिन्नस मागाहून आला. फारसी 'चीज' म्हणजे वस्तू. मराठीनं त्या साध्या शब्दाला फार वर चढवलं. गवई मैफलीत मांडतो ती चीज स्त्रीलिंगी, कष्टाचं होतं ते चीज नपुंसकलिंगी. इंग्रजी चीज आलं तेही नपुंसकलिंगी होऊन बसलं आणि उच्चारही तंतोतंत तोच, त्यामुळे कुणाला खटकलंच नाही. नातं मात्र दोघांत काडीचं नाही. इंग्रजी शब्दाचं मूळ लॅटिन 'केसियस'. स्पॅनिश 'केसो' त्यातूनच निघाला आणि दुधातल्या केसीन या प्रथिनाचं नावही तिथूनच आलं. टेक्सासात या डिपला नुसतं केसो म्हणतात, मूळ पदार्थ उत्तर मेक्सिकोचा: मिरची आणि वितळलेलं चीज. मिरची तिकडची खरी, पण वरुडजवळच्या राजुरा बाजारात रात्री भरणारा मिरचीबाजार ज्यानं पाहिलाय त्याला हे पटवून द्यायला वेळ लागतो.

वऱ्हाडात दूध कमी होतं असं नव्हे. पूर्णा नदीच्या काठची भुरकट रंगाची पूर्णाथडी म्हैस घट्ट दुधासाठी नावाजलेली. पण आपण दुधाचं दही, ताक, लोणी, तूप केलं. दूध मुद्दाम फाडून, दाबून, महिनोन्‌महिने मुरवत ठेवायचं, तेही वऱ्हाडच्या उन्हाळ्यात, हा उद्योग इथे कोण करणार? हीच अडचण स्वित्झर्लंडच्या व्यापाऱ्यांनाही होती. त्यांचं एमेंटल चीज उष्ण देशांत पाठवलं की वाटेतच बिघडायचं. तेव्हा 1911 मध्ये थून गावात वाल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी चीजमध्ये सोडियम सायट्रेट घालून ते तापवलं, आणि टिकाऊ प्रोसेस्ड चीज जन्माला आलं.

भाच्याची कढई इथेच फसली होती. चीजमध्ये केसीनचे धागे कॅल्शियमनं एकमेकांना बांधलेले असतात आणि त्या जाळ्यात तूप-पाणी धरलेलं असतं. जास्त आच लागली की जाळं आकसतं आणि तूप बाहेर पडतं. सायट्रेट ते कॅल्शियम काढून घेतं, त्याच्या जागी सोडियम देतं. केसीन मोकळं होतं आणि तूप-पाण्याला सांभाळून घेतं. म्हणून प्रोसेस्ड चीज उकळलं तरी फाटत नाही. पाकिटावर इमल्सिफायर म्हणून 331 किंवा 339 हे आकडे छापलेले असतात, 331 म्हणजे हेच सायट्रेट आणि 339 म्हणजे तेच काम करणारे सोडियम फॉस्फेट. हे क्षार हाताशी नसतील तर लिंबूसत्त्व आणि खाण्याचा सोडा पाण्यात एकत्र करा. फसफसून शांत झालं की वाटीत सोडियम सायट्रेटच उरतं.

पुढचं अमेरिकेत भराभर घडलं. 1916 मध्ये क्राफ्ट या चीजच्या व्यापाऱ्यानं प्रोसेस्ड चीजचं पेटंट घेतलं. 1918 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या मन्रो गावी एमिल फ्राय या स्विस माणसानं फुटक्या चीजचे तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून वेल्व्हीटा नावाचं प्रोसेस्ड चीज बनवलं. 1943 मध्ये टेक्सासच्या एल्सा गावात कार्ल रोटेल यांनी टमाटर-मिरचीचा डबा काढला. वेल्व्हीटा आणि तो डबा एका भांड्यात ओतला की डिप तयार. स्वयंपाक म्हणायला जीभ रेटत नाही, पण परतलेला खिमा पडला की पार्टीत दुसरं काही लागत नाही.

आपल्याकडे प्रोसेस्ड चीज आलं गुजरातेतून. आणंदला 1955 मध्ये म्हशीच्या दुधाची भुकटी करणारा कारखाना सुरू झाला, आणि म्हशीच्या दुधापासून चीज करायची रीतही पुढे तिथेच बसवली गेली. राजापेठेतल्या किराणा दुकानाच्या फ्रिजात आज जे चौकोनी तुकडे मिळतात त्यांचं कूळ हे.

त्या रात्री मी खाली जाऊन तसे आठ तुकडे आणले, दोनशे ग्रॅम. भाच्यानं तेल निथळून खिमा वेगळा केला. दुसऱ्या भांड्यात अर्धी वाटी दूध कोमट करून मंद आचेवर एकेक तुकडा विरघळवला आणि मगच खिमा आत सोडला. यावेळी तार धरली. मक्याचे चिप्स आधीच संपले होते, म्हणून ज्वारीचे पापड भाजले. आईनं एक पापड बुडवून खाल्ला, दुसरा खाल्ला आणि म्हणाली, "जमलं रे. पण मले भाकर दे, पापडानं पोट भरत नाई."

तुम्ही करणार असाल तर चेडर घेऊ नका, साधे तुकडेच घ्या. आणि खिमा यंत्रातला नको, ठोकळ्यावर सत्तुरानं कापून मागा. यंत्रातल्या खिम्याला पाणी सुटतं.