महाराजबाग, गोरेवाडा आणि वाघांचा हिशोब

आमच्या वर्ध्याला प्राणिसंग्रहालय नाही. त्यामुळे माझ्या पिढीच्या वर्धेकरांसाठी 'वाघ बघायला जायचं' म्हणजे पॅसेंजरने नागपूर, आणि नागपूर म्हणजे महाराजबाग. परवा भाचीने फोनवर विचारलं, "मामा, पोरांना महाराजबागेत नेऊ की गोरेवाड्याला?" तिला दोन वाक्यांत उत्तर दिलं, पण विषय काही डोक्यातून जाईना. म्हटलं, लिहूनच टाकावं.

महाराजबाग मुळात नागपूरकर भोसल्यांची. इंग्रजांनी तिथे वनस्पतींची बाग केली आणि १८९४ मध्ये प्राणी आणून ठेवले. म्हैसूरचं संग्रहालय १८९२ चं, म्हणजे नागपूर काही फार मागे नव्हतं! त्या काळचा हिशोब सोपा होता. पिंजरे किती, प्राणी किती, बघायला लोक किती आले. वाघ मेला तर दुसरा आणायचा. जंगलं जवळच होती आणि वाघ संपतील असं कुणाच्या मनातही नव्हतं. पुढे बाग कृषी महाविद्यालयाकडे, म्हणजेच अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे राहिली. शेतीशास्त्र शिकवणाऱ्यांनी वाघ सांभाळायचे, याची मला लहानपणापासून गंमत वाटत आली आहे. असो.

हिशोबाची वही बदलली ती १९९२ मध्ये. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं आणि त्यांच्या मान्यतेशिवाय संग्रहालय चालवता येईना. दरवर्षी तक्ता भरून पाठवायचा: कोणत्या जातीचे प्राणी किती, जन्मले किती, मेले किती, बाहेरून आले किती, दुसरीकडे गेले किती. गंमत बघा, संग्रहालय मोठं, मध्यम की लहान हे ठरवताना वर्षभरातले प्रेक्षकही मोजतात. म्हणजे गर्दी आणि संवर्धन, दोन्हींचे रकाने एकाच वहीत. पण ते एकमेकांशी नेहमीच जुळतात असं नाही. २००९ मध्ये प्राधिकरणाने सांगितलं, संग्रहालयांतले हत्ती जंगलाजवळच्या छावण्यांत हलवा. पोरं सगळ्यात आधी धावतात ती हत्तीकडे, पण साखळीला बांधलेल्या हत्तीला त्याचं काय?

महाराजबागेला त्या वहीचा फटका नोव्हेंबर २०१८ मध्ये बसला. प्राधिकरणाने मान्यताच रद्द केली. प्रकरण न्यायालयात गेलं, बाग काही बंद झाली नाही. पण त्यातून मला एक कळलं. शहराचा जीव अडकलेला असला, रविवारी पाय ठेवायला जागा नसली, तरी तेवढ्यावर मान्यता मिळत नाही.

तोवर शहराच्या दुसऱ्या टोकाला गोरेवाडा उभं राहत होतं. २०१५ मध्ये तिथे आधी सुरू झालं ते जखमी आणि पकडलेल्या वन्यप्राण्यांचं बचाव केंद्र. लोकांसाठी सफारी उघडली ती २६ जानेवारी २०२१ ला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. महाराजबागेत प्राणी आले ते लोकांना दाखवायला. गोरेवाड्याच्या केंद्रात येतात ते जंगलात किंवा गावाजवळ ठेवणं अशक्य झालं म्हणून.

'साहेबराव' आठवतो का? २०१२ मध्ये ताडोबाजवळ शिकाऱ्यांच्या सापळ्यात त्याच्या पुढच्या पायाची बोटं गेली. सोबतचा वाघ मेला, हा जगला, पण लंगडत. जानेवारी २०२० मध्ये नागपूरच्या डॉ. सुश्रुत बाभूळकरांनी त्याला कृत्रिम पंजा बसवून पाहिला. शुद्धीवर आल्यावर साहेबरावाने तो झटकून टाकला! प्रयत्न फसला, पण वाघाच्या पायासाठी हाडांचे डॉक्टर धडपडले, ही गोष्ट १८९४ च्या वहीत कुठे लिहिली असती?

आणि आता आपल्या घरची गोष्ट. बोर अभयारण्य १९७० चं, २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं. जेमतेम १३८ चौरस किलोमीटर. जुलै २०१७ मध्ये ब्रह्मपुरीकडे माणसं मारणारी एक तरुण वाघीण पकडून, गळ्यात रेडिओ कॉलर घालून तिथे सोडली. ती बोरमध्ये थांबली नाही. जवळपास ५०० किलोमीटर भटकली. इकडेही माणसं गेली. गोळी घालायचा आदेश निघाला, त्यावर कोर्टकचेरी झाली. शेवटी ऑक्टोबरमध्ये कारंजा तालुक्यात सिंदीविहिरीच्या शिवारात ती शेतातल्या विजेच्या तारेला चिकटून मेली. त्या दिवसांत आमच्याकडचे शेतकरी शेतात जायला घाबरत होते, त्यांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. पण तिला बोरऐवजी गोरेवाड्याला नेलं असतं तर इकडची माणसं आणि तीही वाचली असती का, हा विचार सुटत नाही.

पिंजराही सुरक्षित असतोच असं नाही म्हणा. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या गेला. जानेवारीत तपासणीचे अहवाल आले: बर्ड फ्लू. कोंबडीच्या मांसातून आला असावा असा संशय होता. यातले वाघ माणसांशी संघर्ष झाल्यावर चंद्रपूरकडून आणलेले होते. जंगलातून वाचवून आणले आणि चाऱ्यातून मेले.

त्या वर्षी सफारीला किती लोक आले, हे वहीच्या एका रकान्यात लिहिलं गेलं असेलच. मृत्यूच्या रकान्यात हे चार. सिंदीविहिरीची वाघीण मात्र कुठल्याच संग्रहालयाच्या तक्त्यात नाही.