वाडवडिलांच्या जन्मगावाचा वारसा

जेरुसलेमच्या गढीत संत पौलाला फटके मारण्यासाठी बांधण्यात येत होते. रोमन नागरिकाला चौकशीवाचून फटके मारता येतात काय, असे त्याने शताधिपतीला विचारले. ते ऐकून सहस्राधिपती धावत आला. आपण हे नागरिकत्व बरीच रक्कम मोजून मिळविले, असे तो म्हणाला. पौलाने उत्तर दिले की, आपण तर जन्मानेच नागरिक आहोत. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायातील ही हकिकत वाचकांच्या परिचयाची आहे. पौलाचे जन्मगाव तार्सस, रोमपासून कितीतरी दूर. त्याचे नागरिकत्व त्या गावाने दिलेले नव्हते. ते त्याला घराण्याकडून आले होते. माणूस कोठला, हे त्याच्या जन्मभूमीने ठरावे की त्याच्या पित्याने, हा प्रश्न असा फार जुना आहे. आमच्या नगर शहराशीही त्याचा एक धागा जुळलेला आहे.

पहिले महायुद्ध चालू असताना नगरच्या छावणीत जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांना तारेच्या कुंपणाआड स्थानबद्ध करून ठेवले होते. ते शत्रुराष्ट्राचे नागरिक, एवढाच बहुतेकांचा अपराध. नगर जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून धर्मकार्य करणाऱ्या जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनाही स्थानबद्धता व परतपाठवणी यांमुळे आपल्या लोकांना मुकावे लागले. त्याच नगरात, युद्ध संपण्यापूर्वी, १६ एप्रिल १९१८ रोजी ब्रिटिश सैन्यातील एका आयरिश सैनिकाच्या घरी मुलगा जन्मला. पिता लिओ मिलिगन हे आयर्लंडमधील स्लायगोचे, तर माता फ्लोरेन्स इंग्रज होत्या. मुलाचे नाव टेरेन्स ठेवण्यात आले. पुढे 'स्पाइक मिलिगन' या नावाने ज्यांनी साऱ्या इंग्लंडला हसविले, ते हेच.

कॅथलिक संस्कारांत वाढलेल्या या मुलाचे बालपण पुण्यात व रंगूनला गेले. पुण्यात ते जीझस अँड मेरी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश तोफखान्यातून उत्तर आफ्रिकेत व इटलीत लढले आणि १९४४ साली इटलीत जखमी झाले. १९५१ ते १९६० या काळात बी.बी.सी.वरील 'द गून शो' या विनोदी कार्यक्रमाने त्यांना अफाट लोकप्रियता मिळाली. परंतु १९६०च्या सुमारास त्यांनी ब्रिटिश पासपोर्ट मागितला, तेव्हा अडचण उभी राहिली. जन्म हिंदुस्थानातला, वडिलांचा आयर्लंडमधला. तेव्हा त्यांनी राणीशी एकनिष्ठतेची शपथ घ्यावी, असे सांगण्यात आले. ज्याने सहा वर्षे त्या देशाचा गणवेश अंगावर वागविला, त्याने आता निष्ठा सिद्ध करावयाची! मिलिगन यांनी शपथ नाकारली आणि अर्जही नाकारला गेला.

अशा वेळी त्यांच्या कामी आले ते वडिलांचे जन्मगाव. आयर्लंडच्या १९५६ सालच्या कायद्यानुसार, ज्याचा पिता वा माता आयर्लंडमध्ये जन्मली, तो जगात कोठेही जन्मला तरी आयरिश नागरिक ठरतो. आजा वा आजी तेथे जन्मली असेल, तर नातवंडाला परदेशी जन्मांच्या नोंदपुस्तकात नाव दाखल करून तो हक्क घेता येतो. १९६२ साली मिलिगन आयरिश नागरिक झाले आणि अखेरपर्यंत तसेच राहिले. म्हणूनच उतारवयात इंग्लंडने त्यांना दिलेला 'नाइट'चा किताब केवळ मानद होता. २००२ साली ते निवर्तले. 'मी आजारी आहे, असे तुम्हांला सांगितले होते', हे शब्द आपल्या थडग्यावर असावेत, ही त्यांची विनोदी इच्छा होती. ते इंग्रजीत कोरण्यास चर्चची संमती मिळेना. शेवटी ते आयरिश भाषेत कोरले गेले. नगरात जन्मलेल्या माणसाच्या इंग्लंडमधील थडग्यावर अशी त्याच्या पित्याच्या देशाची भाषा आली.

आजाआजींच्या जन्मस्थानाला असा मान देणारे आयर्लंड एकटेच आहे, असे मात्र नाही. आमच्या राज्यघटनेचा आठवा अनुच्छेद हेच सांगतो. जो स्वतः, ज्याच्या आईवडिलांपैकी कोणी किंवा ज्याच्या आजाआजींपैकी कोणी अखंड हिंदुस्थानात जन्मले असेल, तो परदेशात राहत असला तरी भारतीय वकिलातीत नोंदणी करून त्याला भारतीय नागरिक होण्याची वाट घटनाकारांनी ठेवली. या अनुच्छेदाचा नुसता शब्दार्थ घेतला, तर नगरला जन्मलेल्या मिलिगन यांनाही हे दार बंद नव्हते!

पुढे मात्र आमच्या कायद्यात रक्ताच्या नात्याचे वजन वाढत गेले. २६ जानेवारी १९५० पासून १९८७च्या जूनअखेरपर्यंत येथे जन्मलेले मूल, तुरळक अपवाद सोडता, जन्मानेच भारतीय ठरे. १ जुलै १९८७ पासून आईवडिलांपैकी एक जण भारतीय नागरिक असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून तेवढ्यानेही भागेना, दुसरा पालक बेकायदा स्थलांतरित नसावा, अशी अट आली. परदेशी जन्मलेल्या मुलाला तर १९९२ सालापर्यंत केवळ पित्याकडूनच नागरिकत्व मिळे. त्या वर्षीच्या दुरुस्तीनंतर मातेचे नागरिकत्वही त्याच्या वाट्याला येऊ लागले.

आजाच्या जन्मगावाचा प्रश्न सर्वांत जिव्हाळ्याचा झाला तो गोव्यात. १९६१च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. २८ मार्च १९६२च्या आदेशाने, २० डिसेंबर १९६१ पूर्वी जो स्वतः किंवा ज्याचे आई, वडील, आजा वा आजी गोवा, दमण व दीव येथे जन्मले, तो भारतीय नागरिक मानला गेला. ज्याला आपले पूर्वीचे नागरिकत्व राखावयाचे असेल, त्याने एका महिन्यात तसे लेखी कळवावयाचे होते. कांदोळीचे धर्मगुरू मोन्सिन्योर रेमेदिओस मोंतेरो यांनी तसे कळविले आणि ते आपल्याच गोव्यात परदेशी ठरले. राहण्याच्या परवान्याची मुदत १९६४ साली संपली. त्यांनी ती वाढवून घेतली नाही, गोवाही सोडला नाही. त्यांना तीस दिवसांची साधी कैद व पन्नास रुपये दंड झाला. व्याप्त प्रदेशातील रहिवाशांना जिनिव्हा करार संरक्षण देतो, हा त्यांचा युक्तिवाद १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. गोवा भारतात विलीन होताच व्याप्ती संपली, असा निर्णय दिला.

पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व १९७४च्या अखेरीच्या कराराने मान्य केले. तरीही मुक्तीपूर्वी तेथे जन्मलेल्यांना तो देश आपलेच मानीत आला आहे. त्यांच्या मुलांना व नातवंडांना लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जन्म नोंदवून पोर्तुगीज नागरिकत्व मागता येते. सहस्रावधी गोमंतकीयांनी ते मागितले. त्यांतले कित्येक पोर्तुगालला न राहता इंग्लंडमधील स्विंडनसारख्या गावी गेले. २०२०च्या अखेरीस ब्रिटनची ती मोकळी वाट बंद झाली. मोंतेरो यांनी आपली निवड निष्ठेपायी केली, आजचे तरुण पोटापायी करतात. दोघांनाही दोष देण्याचे आम्हांला कारण दिसत नाही. मात्र किंमत दोघांनाही चुकत नाही. आमच्या १९५५च्या कायद्याचे नववे कलम स्पष्ट आहे: स्वेच्छेने परक्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. पुढे ओ.सी.आय. कार्ड मिळाले, तरी त्याने मतदानाचा हक्क परत येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. आजाचा वारसा घेताना बापाचा सोडावा लागतो, हे घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांना वेळीच सांगावे.

आणि हा वारसा सिद्ध कशाने करावयाचा? लिस्बन असो वा डब्लिन, आजा कोठे व कधी जन्मला याचा कागद लागतो. जन्माची सरकारी नोंद घराघरांत पोचली नव्हती, त्या काळी ते काम धर्मग्रामाच्या नोंदवहीने केले. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली धर्मगुरूंना स्नानसंस्काराची नोंद ठेवावयास सांगितले. आजच्या धर्मसंहितेचे ८७७वे कलम, स्नानसंस्कार झालेल्याचे व आईवडिलांचे नाव, संस्काराची तारीख व स्थळ यांबरोबरच जन्मतारीख व जन्मस्थळही लिहावयास लावते. आजाचे नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर निराळे असले की नातवाचा अर्ज अडतो; आणि तो जन्मला ते अहमदनगर २०२४ सालापासून अहिल्यानगर म्हणून ओळखले जाते, हेही आता समजावून द्यावे लागणार. परदेशी जाण्याचे कोणाच्या मनात नसले, तरी घरातील सर्वांच्या स्नानसंस्काराचे दाखले एकदा काढून ताडून पाहावेत आणि वडीलधारी माणसे हयात आहेत, तोवर त्यांच्या आईवडिलांची नावे व गावे विचारून लिहून ठेवावीत.