अवघड जागेचे दुखणे

‘अवघड जागेचे दुखणे आणि जावई वैद्य’ ही म्हण आपण कुठल्याही पेचप्रसंगाला बेधडक वापरतो. तिचा मूळ अर्थ शारीरिक आहे, हे बोलणाऱ्याच्या ध्यानातही नसते. दुखणे आहे, वैद्य घरचाच आहे, तरी दाखवता येत नाही. म्हणीतली अडचण सगळी रोग्याची. एकदा दाखवले की वैद्याला ते कळणारच, हे तिने गृहीत धरले आहे. अठराव्या शतकातल्या लंडनचे एक प्रकरण वाचताना आम्हाला हे गृहीतक डळमळीत वाटू लागले.

पर्सिव्हल पॉट हा तिथल्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातला शल्यचिकित्सक. (मणक्याच्या क्षयाला आजही त्याचे नाव आहे, त्यामुळे आपल्याकडच्या डॉक्टरांना तो परका नाही.) १७७५ साली त्याने धुराडी साफ करणाऱ्यांच्या एका रोगावर चारदोन पानांचे टिपण प्रसिद्ध केले. अगदी कोवळ्या वयाची पोरे अरुंद धुराड्यांत चढवली जात, पुष्कळदा उघड्या अंगाने. काजळी घामाबरोबर कातडीच्या सुरकुत्यांत बसे. पुढे वयात आल्यावर वृषणकोषाच्या खालच्या भागावर कडा टणक झालेले एक व्रण उठे. धंद्यातली माणसे त्याला ‘काजळीची चामखीळ’ म्हणत. म्हणजे रोगाचे नाव आणि कारण दोन्ही त्यांना ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते डॉक्टरांना.

पॉटचे खरे निरीक्षण इथे आहे. रोग यौवनापूर्वी दिसत नाही आणि जागा अशी. तेव्हा हा बाहेरख्यालीपणाचाच प्रसाद, असे रोगीही समजे आणि वैद्यही. मग उपचार ठरलेला : पारा. (आपल्याकडे भावमिश्रानेही सोळाव्या शतकात फिरंगरोगावर रसकर्पूर सांगितलाच होता.) पाऱ्याने हा व्रण बरा होत नसे, उलट चिघळे. तोवर रोग आत वृषणापर्यंत आणि तिथून वर पोटात पोहोचे. म्हणून पॉटचा आग्रह असा की बाधित भाग ताबडतोब, वृषणाला झळ लागण्यापूर्वी, कापून काढावा. वृषण काढण्याची वेळ आलेल्यांची त्याने दिलेली हकिकत वाचवत नाही. जखम भरते, माणूस बरा होऊन घरी जातो, आणि काही महिन्यांनी दुसऱ्या वृषणात किंवा जांघेतल्या गाठींत तोच रोग घेऊन परत येतो.

व्यवसायामुळे होणाऱ्या कर्करोगाचे पहिले वर्णन म्हणून या टिपणाचा गौरव होतो, आणि तो रास्तच आहे. आम्हाला मात्र त्यातली ही दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. लाज फक्त रोग्याचे तोंड बंद करत नव्हती. ती वैद्याच्या डोक्यात निदान होऊन बसली होती. ‘गुप्तरोग’ हा आपला शब्दही तेच करतो. जागेवरून तो रोगाचे चारित्र्य ठरवून मोकळा होतो.

१७८८ साली आठ वर्षांखालील मुलांना या कामावर घेण्यास कायद्याने बंदी झाली. ती फारशी कुणी पाळली नाही. १८९२ मध्ये हेन्री बटलिनने दाखवले की युरोपात इतरत्र, जिथे हे कामगार अंगभर घट्ट कपडे घालत आणि रोज आंघोळ करत, तिथे हा रोग क्वचितच आढळतो. इतके साधे होते ते.

पुढे काजळीची जागा तेलाने घेतली. लँकेशायरच्या गिरण्यांत ‘म्यूल’ नावाच्या सूतकताईच्या यंत्रावर वाकून काम करताना खनिज तेल विजारीच्या पुढच्या भागात मुरे. १९२२ साली मँचेस्टरच्या रुग्णालयातल्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा या रोगाचे जवळपास निम्मे रुग्ण म्यूलवरचे निघाले. १९५३ च्या नियमांनी निर्धोक तेल सक्तीचे केले आणि दर सहा महिन्यांनी वैद्यकीय तपासणीही. तपासणी सगळ्यांचीच, त्यामुळे कुणाला आपणहून उठून ‘इथे काहीतरी झाले आहे’ असे सांगत जाण्याची गरज उरली नाही. पण तोवर ते म्यूलच भंगारात निघू लागले होते.