स्वरयंत्राचा कॅन्सर : रेडिएशन की ऑपरेशन?

तीन आठवडे उलटले तरी बसलेला आवाज सुटत नाही. गुळण्या झाल्या, अँटिबायोटिक झालं. मग दुर्बिणीने तपासणी, बायोप्सी आणि रिपोर्टमध्ये स्वरयंत्राचा कॅन्सर. घरात पहिला प्रश्न येतो : ऑपरेशन केलं तर आवाज जाईल का? नुसत्या रेडिएशनवर भागेल का?

याचं उत्तर सगळ्यांसाठी एक नाही. कॅन्सर कुठवर पोहोचला आहे, यावर ते ठरतं.

सुरुवातीचा टप्पा

गाठ लहान आणि स्वरतंतूपुरतीच असेल, तर दोन्ही उपचार जवळपास सारखेच प्रभावी आहेत. कोणताही घेतला तरी १०० पैकी सुमारे ९० रुग्णांमध्ये ही गाठ आटोक्यात येते.

रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, साधारण साडेपाच ते सात आठवडे चालतं. ते देताना दुखत नाही, पण काही दिवसांनी घसा सोलवटतो आणि गिळायला त्रास होतो. लेसर ऑपरेशन तोंडावाटे होतं. गळ्यावर काप येत नाही आणि रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातो. मात्र जितका खोलवरचा भाग काढावा लागेल, तितका आवाज घोगरा होतो.

आणखी एक फरक महत्त्वाचा. एकाच जागी पूर्ण डोसचं रेडिएशन सहसा पुन्हा देता येत नाही. लेसरनंतर कॅन्सर परतला, तर पुन्हा लेसर किंवा रेडिएशन असे दोन्ही मार्ग बरेचदा उरतात.

पुढचा टप्पा

व्हिएन्नामध्ये थिओडोर बिलरोथ यांनी १८७३ मध्ये कॅन्सरसाठी पूर्ण स्वरयंत्र काढलं. त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ मोठ्या गाठीवरचा मुख्य उपाय तोच होता.

१९९१ मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील अभ्यासाने हे चित्र बदललं. त्यात ३३२ रुग्ण होते. काहींचं स्वरयंत्र काढून नंतर रेडिएशन दिलं, तर काहींना आधी केमो आणि मग रेडिएशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांत ६८ टक्के रुग्ण हयात होते आणि केमो-रेडिएशनच्या गटात ६४ टक्के रुग्णांचं स्वरयंत्र शाबूत होतं. रेडिएशनसोबतच सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध दिलं, तर स्वरयंत्र वाचण्याचं प्रमाण आणखी वाढतं, असं २००३ च्या अभ्यासात दिसलं.

मग ऑपरेशन कधी?

स्वरयंत्र जागेवर राहणं आणि ते नीट चालणं, या वेगळ्या गोष्टी आहेत. गाठ कूर्चा फोडून बाहेर गेली असेल, किंवा आधीच श्वास कोंडत असेल, अन्न-पाणी श्वासनलिकेत जात असेल, तर रेडिएशनने स्वरयंत्र वाचूनही उपयोगाचं राहत नाही. कधी नळीनेच जेवण द्यावं लागतं. अशा रुग्णांना बहुधा ऑपरेशन आणि त्यानंतर रेडिएशन सुचवलं जातं.

पूर्ण स्वरयंत्र काढल्यावर गळ्यावरच्या कायमच्या छिद्रातून श्वास घ्यावा लागतो. अंघोळ करताना त्यात पाणी जाणार नाही, हे सांभाळावं लागतं. मूळ आवाज जातो, पण बोलणं संपतंच असं नाही. व्हॉइस प्रोस्थेसिस हा छोटा व्हॉल्व्ह बसवून किंवा गळ्याला लावायच्या यंत्राने बोलता येतं. त्यासाठी स्पीच थेरपी आणि सराव लागतो.

ठरवण्याआधी डॉक्टरांना विचारा

- स्टेज कोणती? कूर्चा किंवा गळ्यातील गाठींपर्यंत कॅन्सर गेला आहे का?
- या उपचारानंतर बोलणं आणि गिळणं कसं राहील?
- कॅन्सर परतला तर कोणता मार्ग उरेल?
- सहा-सात आठवडे रोज ये-जा किंवा शहरात मुक्काम जमेल का?

शक्य असेल तर सर्जन आणि रेडिएशनतज्ज्ञ, दोघांशीही बोलून घ्यावं. मार्ग कोणताही असो, बिडी-सिगारेट आणि तंबाखू त्याच दिवशी थांबवावी. रेडिएशन चालू असताना धूम्रपान केलं, तर उपचाराचा परिणाम कमी होतो.