नळी दिसली, पुढे काय?

कार्बन नॅनोट्यूबचा इतिहास सांगताना बहुतेक जण १९९१ पासून सुरुवात करतात. जपानच्या सुमिओ इजिमा यांचा ‘नेचर’मधला निबंध त्या वर्षीचा. पण रादुश्केविच आणि लुक्यानोविच या सोव्हिएत संशोधकांनी अशा पोकळ कार्बनतंतूंची छायाचित्रे १९५२ सालीच रशियन नियतकालिकात छापली होती. पहिले कोण, हा वाद त्यामुळे अजून रंगतो. मला त्याहून मोलाचा वाटतो तो दुसरा प्रश्न : ही नळी कामाला कशी आली?

त्याच्या उत्तराचा एक धागा मुंबईत आहे. १९९६ साली कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील ब्रिटो आणि संथानम यांनी पी. एम. अजयन यांच्यासह नॅनोट्यूब ब्रोमोफॉर्ममध्ये कालवून काचेच्या नळीत ठासल्या आणि इलेक्ट्रोड तयार केला. मेंदूत निरोप पोचवणाऱ्या डोपामिनचे ऑक्सिडीकरण त्यावर सुरेख झाले. जीवरसायने ओळखणाऱ्या नॅनोट्यूब-इलेक्ट्रोडांच्या वंशावळीत हा प्रयोग आरंभीचा.

पुढची अडचण वेगळी होती. इलेक्ट्रोडवर विकर बसवून ग्लुकोज मोजण्याची कल्पना क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ मध्ये मांडली होती. नॅनोट्यूबची भिंत मात्र पाण्याला जवळ करत नाही; नळ्या एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात. विकराला पक्का आधार मिळणार कसा? तीव्र आम्लात उकळणे हा एक उपाय. दुसरा प्लाझ्माचा. विरळ वायूतून वीज खेळवली की तो उजळतो. क्रुक्स यांनी १८७९ मध्ये या झगमगाटावर व्याख्यान दिले, लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये त्याला ‘प्लाझ्मा’ हे नाव दिले. ऑक्सिजनच्या प्लाझ्मात नळीच्या भिंतीतले काही बंध तुटतात आणि तिथे ऑक्सिजनयुक्त गट जडतात. पृष्ठभाग पाण्याने भिजू लागतो, विकराला धरायला जागा मिळते. मात्र प्रक्रिया लांबली तर नळीच झिजते आणि तिची वीजवाहकता घटते.

ऑक्सफर्डच्या कॉम्प्टन यांच्या गटाने २००५ मध्ये दाखवले, की इलेक्ट्रॉनांची देवघेव मुख्यतः नळीच्या टोकांशी आणि तुटक्या कडांशी होते. गुळगुळीत भिंतीचा त्यात वाटा थोडाच. सूक्ष्मदर्शकाखाली जिच्या रेखीवपणाने जग थक्क झाले, ती नळी संवेदकात कामाला आली ती मोजूनमापून केलेल्या मोडतोडीमुळे. शोधाचे श्रेय वाटताना पहिल्या छायाचित्राइतकेच कुलाब्यातल्या त्या ठासलेल्या नळीलाही स्थान द्यायला हवे, असे मला वाटते.