पळसाचा रंग आणि अभिक्रियेची वाट

१/ फाल्गुनात मेळघाटातील पळस निष्पर्ण होतो आणि केशरी फुलांनी लगडतो. ही फुले उकळून रंगपंचमीचा रंग करण्याची रीत जुनी आहे. त्या पिवळसर पाण्यात चिमूटभर चुना पडला की रंग गडद नारिंगी होतो. चुना तर पांढरा. मग हा रंग आला कोठून? या प्रश्नाचा माग लीड्स, मँचेस्टर, लाहोर आणि मुंबई असा फिरून पुन्हा अमरावती-अकोल्यात येतो.

२/ १८५६ मध्ये विल्यम हेन्री पर्किन यांनी मॉव्ह हा कृत्रिम रंग शोधला. त्यांचे पुत्र आर्थर जॉर्ज पर्किन यांनी मात्र वनस्पतिज रंगांचा अभ्यास केला. १८९९ मध्ये त्यांनी कापसाच्या फुलांतील रंगद्रव्यावर निबंध प्रसिद्ध केला. कापसाच्या ‘गॉसिपियम’ या वंशनामावरून त्या द्रव्याचे नाव पडले गॉसिपेटिन. १९०४ मध्ये जे. जे. हमेल यांच्यासह त्यांनी पळसफुलांचा निबंध प्रसिद्ध केला. वऱ्हाडच्या शेतातले एक फूल आणि रानातले एक, दोन्ही अशी लीड्सच्या प्रयोगशाळेत पोहोचली.

३/ पळसातून दोन पदार्थ हाती आले : रंगहीन ब्युटिन आणि नारिंगी ब्युटेइन. दोघांच्याही रेणूत कार्बनचे १५, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ५ अणू आहेत. मग एक रंगहीन आणि दुसरा नारिंगी का? फरक आहे तो जोडणीचा. दोन्ही रेणूंत दोन बेंझीन वलये आहेत आणि त्यांना जोडणारा तीन कार्बनांचा पूल आहे. गॉसिपेटिनचा सांगाडाही हाच. कोठेही जा, पळसाला पाने तीनच!

४/ ब्युटिनमध्ये हा पूल ऑक्सिजनच्या साहाय्याने वळून तिसरे वलय बनवतो. ब्युटेइनमध्ये ते वलय उघडे असते. वलय उघडले की द्विबंधांची साखळी या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड होते, रेणू निळा प्रकाश शोषू लागतो आणि डोळ्यांना नारिंगी दिसतो. वलय मिटले की साखळी तुटते आणि रंग जातो. फुलात हे दोन्ही रेणू बहुतांशी शर्करेशी जोडलेल्या रूपात असतात.

५/ आता चुन्याचे काम स्पष्ट होते. चुन्यासारखी आम्लारी पुलावरील एका कार्बनजवळचा प्रोटॉन काढून घेते. मागे राहिलेली इलेक्ट्रॉनजोडी नवा द्विबंध घडवते, ऑक्सिजनचा बंध सुटतो आणि वलय उघडते. आम्ल घातले की ते पुन्हा मिटू शकते. आधी काय सुटते, इलेक्ट्रॉन कोठून कोठे जातात, या क्रमालाच अभिक्रियेची यंत्रणा म्हणतात. एका पदार्थाचा दुसरा होतो, हे पर्किन यांना ठाऊक होते. तो कोणत्या वाटेने होतो हे सांगणारी भाषा तेव्हा घडत होती.

६/ ती भाषा मोठ्या प्रमाणात मँचेस्टरला घडली. आर्थर लॅपवर्थ यांनी १९०३ मध्ये अभिक्रियेचे टप्पे प्रयोगाने दाखवण्याचा पायंडा पाडला. रॉबर्ट रॉबिन्सन यांनी १९२२ मध्ये इलेक्ट्रॉनांची हालचाल दाखवणारा वक्र बाण वापरला; तो आज बी.एस्सी.च्या प्रत्येक वहीत असतो. रॉबिन्सन यांच्याच हाताखाली मद्रासचे एक तरुण संशोधक शिकत होते : कृष्णस्वामी वेंकटरामन.

७/ १९३३ मध्ये वेंकटरामन लाहोरच्या फॉर्मन ख्रिश्चन कॉलेजात होते. फ्लेव्होन म्हणजे याच कुळातील पिवळी रंगद्रव्ये. ती बनवण्याच्या प्रचलित पद्धतीत मिश्रण तीव्र तापवावे लागे. वेंकटरामन आणि त्यांचे सहकारी एच. एस. महाल यांनी खोलीच्या तापमानाला फ्लेव्होन बनवण्याची रीत ‘करंट सायन्स’ या बंगळुरूच्या नियतकालिकात मांडली. ते नियतकालिक तेव्हा जेमतेम वर्षभराचे होते.

८/ रीत अशी : हायड्रॉक्सी-अ‍ॅसिटोफेनोनचे एस्टर घ्यायचे आणि त्यावर सोडामाइड या तीव्र आम्लारीची क्रिया करायची. एस्टरमधला अ‍ॅसिल गट ऑक्सिजनला सोडून शेजारच्या कार्बनवर जाऊन बसतो. मग आम्लाने वलय मिटवले की फ्लेव्होन तयार. त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या विल्सन बेकर यांनीही असेच स्थलांतर स्वतंत्रपणे नोंदवले. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ही अभिक्रिया ‘बेकर-वेंकटरामन पुनर्रचना’ म्हणून आहे. महाल यांचे नाव निबंधावर राहिले, अभिक्रियेला लागले नाही.

९/ गट सरकतो हे दिसले; पण तो आपल्याच रेणूत सरकतो, की सुटून दुसऱ्या रेणूवर जातो? हे ओळखण्याची एक साधी युक्ती आहे. दोन वेगवेगळी एस्टरे एकाच भांड्यात मिसळावीत. गट भटकत असतील तर त्यांची अदलाबदल होऊन संमिश्र पदार्थ निघतील. आपापल्या घरातच सरकत असतील तर दोनच पदार्थ मिळतील. न दिसणाऱ्या घटनेची साक्ष अशी दिसणाऱ्या पदार्थांकडून काढता येते. हे स्थलांतर रेणूच्या आतच घडते, असे आज मानले जाते.

१०/ या यंत्रणेवर १९५० मध्ये जे. ई. गोवन आणि टी. एस. व्हीलर यांनी डब्लिनहून निबंध प्रसिद्ध केला. हे व्हीलर पूर्वी मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे प्राचार्य होते. वेंकटरामनही १९३४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात आले, १९३८ मध्ये त्याचे पहिले भारतीय संचालक झाले आणि १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचेही. कापडगिरण्यांच्या मुंबईत रंगांचे रसायन ही चैन नव्हती, गरज होती.

११/ वऱ्हाडात १९२३ मध्ये अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज निघाले; स्वातंत्र्यानंतर ते विदर्भ महाविद्यालय झाले. अमरावती आणि अकोल्याच्या महाविद्यालयांतून पुढे चाल्कोन, फ्लेव्हॅनोन, फ्लेव्होन यांवर निबंधांमागून निबंध निघाले. चाल्कोन म्हणजे ब्युटेइनचे कूळ, फ्लेव्हॅनोन म्हणजे ब्युटिनचे. धातूचे आयन अशा रेणूंच्या संयुगांशी किती घट्ट बांधले जातात, हेही येथे सामू मोजून तपासले गेले. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ स्थापन झाल्यावर या संशोधनाला स्वतःचे विद्यापीठ मिळाले.

१२/ हेच क्षेत्र येथे का रुजले? एक कारण कामाच्या स्वरूपातच दिसते. चाल्कोनसाठी हायड्रॉक्सी-अ‍ॅसिटोफेनोन, बेंझाल्डिहाइड, अल्कोहोल आणि सोडियम किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड पुरते. मिश्रण रात्रभर ठेवावे, सकाळी आम्ल घालावे. पिवळे स्फटिक खाली बसतात. कोट्यवधींची यंत्रे नसलेल्या महाविद्यालयाला हे परवडते. येथे भांडवल लागते ते नेमका प्रश्न विचारण्याचे.

१३/ विज्ञानाचा इतिहास बहुधा शोधलेल्या पदार्थांच्या यादीसारखा शिकवला जातो. त्या यादीत पळसाच्या वाट्याला ब्युटिन आणि ब्युटेइन ही दोन नावे येतात. पण चुन्याने रंग खुलतो हे रंग करणाऱ्यांना केव्हाच माहीत होते. नवे होते ते ‘कोणत्या वाटेने?’ हे विचारणे आणि उत्तर प्रयोगाने तपासणे. त्या एका प्रश्नामुळे मेळघाटातले फूल, लाहोरची प्रयोगशाळा आणि अमरावतीतल्या विद्यार्थ्याची परीक्षानळी एकाच इतिहासात येतात.